एकच फंक्शन घेतलं, तरी अख्खी लायब्ररी बंडलमध्ये का येते?

प्रश्न थोडक्यात असा: रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्टचा प्रोजेक्ट आहे, बंडलर (सगळ्या फाइली जोडून ब्राउझरसाठी बंडल बनवणारं साधन) वेबपॅक ५, मोड प्रॉडक्शन. लोडॅश या तयार फंक्शनांच्या लायब्ररीतून फक्त डिबाउन्स आणि थ्रॉटल घेतलंय, तारखांसाठी मोमेंट आहे, आणि कंपनीची स्वतःची कॉम्पोनंट लायब्ररी आहे जिच्यातलं फक्त बटण लागतं. तरी बंडल ॲनालायझर उघडला की लोडॅश पूर्ण, मोमेंट सगळ्या भाषांसकट, आणि कॉम्पोनंट लायब्ररीतले टेबल, कॅलेंडर, चार्ट सगळे हजर. तर ट्री शेकिंग, म्हणजे न वापरलेला कोड बंडलमधून आपोआप गाळणं, चालू कसं करायचं?

ते चालूच आहे. प्रॉडक्शन मोडमध्ये वेबपॅक ते आपोआप लावतो, वेगळं काही सुरू करावं लागत नाही. मुद्दा असा की काढल्याने काहीच बिघडणार नाही हे ज्या कोडबद्दल बंडलरला सिद्ध करता येतं, तेवढाच कोड तो काढतो. जरा शंका आली की ठेवून देतो. माळ्यावरचं बांधलेलं बोचकं आत काय आहे ते माहीत नाही म्हणून कोणी टाकत नाही, तसंच. आणि त्याचं बरोबरच आहे: शंभर केबी जास्त गेले तर पान थोडं उशिरा उघडेल, पण चुकीची ओळ उडाली तर पैसे भरायचं बटणच चालणार नाही. त्यामुळे काम सेटिंग शोधण्याचं नाही, पुरावा कुठे तुटतोय ते शोधण्याचं आहे. तुमच्या तिन्ही उदाहरणांत तो तीन वेगळ्या ठिकाणी तुटलाय.

आधी बंडलर हे करतो कसं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २०१५ साली जावास्क्रिप्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये मॉड्यूल (यांनाच ईएस मॉड्यूल म्हणतात) आले. त्यांचे नियम मुद्दाम कडक ठेवलेले आहेत. इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट फाइलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच लिहायचे, इफच्या आत नाही. फाइलचं नाव साधी स्ट्रिंगच हवी, तुकडे जोडून बनवलेली चालत नाही. इम्पोर्ट केलेल्या नावाला घेणाऱ्याने नवी किंमत द्यायची नाही. त्यामुळे कोड न चालवता, नुसता वाचून, कोणतं नाव कोणत्या फाइलमधून कुठे जातं याचा पूर्ण नकाशा काढता येतो. रिच हॅरिसच्या रोलअप या बंडलरने त्याच वर्षी याचा फायदा उठवला आणि ट्री शेकिंग हे नाव जावास्क्रिप्टवाल्यांच्या तोंडी बसवलं. वेबपॅकमध्ये ते २०१७ साली दुसऱ्या आवृत्तीत आलं. (गूगलचा क्लोजर कंपायलर २००९ मध्ये खुला झाला तेव्हापासून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये याहून आक्रमक काम करत होता. पण अख्खा कोड त्याच्या अटींवर लिहावा लागे, त्यामुळे क्लोजरस्क्रिप्ट या वेगळ्या भाषेचे लोक सोडले तर गूगलबाहेर त्याच्या वाटेला फार थोडे गेले.)

फाइलच्या आतला कोड वेबपॅक स्वतः कापत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो न वापरलेल्या एक्सपोर्टवर खूण करतो आणि ते नाव बाहेर देणं थांबवतो. मग या फंक्शनला आता कोणीच हाक मारत नाही हे बघून मिनिफायर (कोड आक्रसून लहान करणारं साधन, इथे टर्सर) ते उडवतो. म्हणून डेव्हलपमेंट बिल्ड उघडून ‘कोड अजून आहे तसाच आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. मिनिफिकेशन बंद ठेवून आकार मोजणारेही असेच फसतात. रोलअप आणि ईएसबिल्ड या दुसऱ्या बंडलरांमध्ये ही दोन हातांची विभागणी नाही, कोणती वाक्यं ठेवायची ते बंडलरच ठरवतो.

आता लोडॅश. त्याचं नेहमीचं पॅकेज कॉमनजेएसमध्ये, म्हणजे नोडच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीत, आहे. कॉमनजेएसमध्ये एक्सपोर्ट्स हा साधा ऑब्जेक्ट असतो. त्यात कधीही, कुठूनही, लूप फिरवूनसुद्धा नवं नाव घालता येतं आणि रिक्वायर (तिथला इम्पोर्ट) इफच्या आतही चालतो. नुसतं वाचून नकाशा काढायचा तर फारसं काही हाती लागत नाही. लोडॅशची मुख्य फाइल त्यातही टोकाची: एकच प्रचंड, स्वतःला चालवून घेणारं फंक्शन, आणि त्याच्या पोटात शेकडो फंक्शनं एका ऑब्जेक्टला चिकटवलेली. मिनिफाय करूनही ती ७० केबीच्या आसपास भरते. वेबपॅक ५ ला साधं-सरळ कॉमनजेएस थोडंफार कळतं, म्हणजे एक्सपोर्ट्सवर एकेक नाव थेट ठेवलेलं असेल तर न वापरलेली नावं तो काढू शकतो. ईएसबिल्ड तेही करत नाही. पण लोडॅशच्या त्या फाइलपुढे सगळेच हात टेकतात. महिरपी कंसात डिबाउन्स लिहिलं म्हणजे फक्त डिबाउन्स आलं, हा समज इथे कामाचा नाही.

उपाय दोन. एक तर लोडॅशच्या आतल्या डिबाउन्सच्या फाइलवरून थेट इम्पोर्ट करा, किंवा लोडॅश-ईएस हे ईएस मॉड्यूलमधलं पॅकेज घ्या. दुसऱ्या मार्गात दोन खड्डे आहेत. लोडॅश-ईएसमधून अंडरस्कोअर या नावाने डिफॉल्ट इम्पोर्ट केला तर पुन्हा सगळी लायब्ररी आत, कारण तो डिफॉल्ट म्हणजे सगळ्या फंक्शनांचा गठ्ठा. आणि तुम्ही लोडॅश-ईएस वापरलं तरी तुमच्या नोड मॉड्यूल्समधलं दुसरं एखादं पॅकेज जुनं लोडॅश रिक्वायर करत असेल, तर आता दोन्ही येतील आणि बंडल आधीपेक्षा फुगेल. अशा वेळी काही जण वेबपॅकच्या एलियासने लोडॅशला सरसकट लोडॅश-ईएसकडे वळवतात. जपून करा. एखाद्या पॅकेजने लोडॅशची डिबाउन्स फाइल रिक्वायर केलेली असेल तर त्याला फंक्शन मिळण्याची अपेक्षा असते, आणि एलियासनंतर हातात येतो डिफॉल्ट नावाची चावी असलेला ऑब्जेक्ट. बिल्ड सुरळीत होतो, पान उघडलं की मोडतं. दोन फंक्शनांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. थेट फाइलवरून इम्पोर्ट करा आणि पुढे चला.

पण तुम्ही टाइपस्क्रिप्ट म्हणालात, म्हणून थांबा. लोडॅशला हात लावण्याआधी टीएसकॉन्फिग, म्हणजे टाइपस्क्रिप्टची सेटिंगची फाइल, उघडा आणि मॉड्यूल या सेटिंगपुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे कॉमनजेएस असेल तर वेबपॅकपर्यंत तुमचे इम्पोर्ट पोचतच नाहीत. टीएस-लोडर (वेबपॅकसाठी टाइपस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट करणारा) आधीच त्यांचे रिक्वायर करून टाकतो, आणि मग लायब्ररी कितीही नीट लिहिलेली असो, पुरावा तुमच्याच दारात तुटतो. तिथे ईएसनेक्स्ट लिहा. बेबेल या दुसऱ्या कंपायलरमध्ये हाच घोटाळा प्रीसेट-एन्व्हच्या मॉड्यूल्स या पर्यायात होतो. सातव्या आवृत्तीपासून तो ऑटो असतो आणि बेबेल-लोडरबरोबर नीट वागतो, पण बऱ्याच प्रोजेक्टांत कोणीतरी जेस्टच्या टेस्ट चालाव्यात म्हणून तिथे कॉमनजेएस लिहून ठेवलेलं असतं, आणि ते टेस्टपुरतं न राहता सगळ्या बिल्डला लागू होतं. ती ओळ फक्त टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटखाली न्या. माझ्या पाहण्यात ‘ट्री शेकिंग चालत नाही’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

पॅकेजच्या बाजूनेही असाच प्रश्न येतो. एकाच लायब्ररीच्या दोन-तीन बिल्ड असतात आणि त्यांचे पत्ते पॅकेज डॉट जेसन या तिच्या माहितीच्या फाइलमध्ये असतात: मेनमध्ये कॉमनजेएसची, मॉड्यूल या फील्डमध्ये ईएस मॉड्यूलची, हल्ली एक्सपोर्ट्सखाली दोन्ही. वेब टार्गेटसाठी वेबपॅक आधी ब्राउझर फील्ड बघतो, मग मॉड्यूल, मग मेन. एखाद्या पॅकेजने ब्राउझर फील्डमध्ये जुनी यूएमडी (सगळीकडे चालेल अशी एकाच फाइलची) बिल्ड ठेवली असेल तर चांगली बिल्ड शेजारी असूनही तुम्हाला मिळते ती गाठोडं बांधलेली. एक्सपोर्ट्स असेल तिथे हा क्रम लागत नाही, पण जुन्या पॅकेजांत ही गोष्ट तपासण्यासारखी आहे.

आता तुमची कॉम्पोनंट लायब्ररी. इथे समजा सगळं ईएस मॉड्यूलमध्ये आहे आणि तरी टेबल-कॅलेंडर आत येतंय. कारण साइड इफेक्ट्स. फाइल इम्पोर्ट झाली की तिच्यातला वरच्या पातळीवरचा कोड चालतो. त्या कोडमध्ये विंडोवर काही लिहिलेलं असेल, ॲरेच्या प्रोटोटाइपमध्ये काही घातलेलं असेल, किंवा नुसता एखाद्या फंक्शनला कॉल असेल, तर बंडलरला विचार करावा लागतो: हा कॉल काढला तर काही चुकेल का? फंक्शन डिक्लेअर करणं निरुपद्रवी आहे, ते बिनघोर काढता येतं. कॉल मात्र संशयित. आणि रिॲक्टच्या कोडमध्ये असे कॉल सगळीकडे असतात: मेमो, फॉरवर्डरेफ, क्रिएटकॉन्टेक्स्ट, स्टाइल्ड. बटणाशेजारच्या टेबलची व्याख्याच मेमोच्या कॉलने झालेली असेल तर टेबल कोणी वापरत नसला तरी तो कॉल टिकतो, आणि कॉलसोबत त्याला लागणारं सगळं.

यासाठी प्युअर नावाची खूण आहे. कॉलच्या आधी ठरावीक कमेंट लिहायची, म्हणजे ‘याचा निकाल कोणी वापरला नाही तर हा कॉल उडवला तरी चालेल’ असं बंडलरला आणि मिनिफायरला सांगितलं जातं. बेबेलचा रिॲक्ट प्रीसेट मेमो, फॉरवर्डरेफ, लेझी वगैरेंना ही खूण आपोआप लावतो. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, टीएससी, लावत नाही. नुसत्या टीएससीने बांधलेल्या कॉम्पोनंट लायब्रऱ्या बेबेलने बांधलेल्यांपेक्षा जड पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. खूण फक्त त्या एका कॉलपुरती असते, त्याला दिलेल्या आर्ग्युमेंट्समध्ये आणखी कॉल असतील तर त्यांना वेगळी लागते, हे विसरू नका.

टाइपस्क्रिप्टचे एनमही (ठरावीक किमतींना नावं देणाऱ्या याद्या) इथलेच गुन्हेगार. एनमचं जावास्क्रिप्ट होतं तेव्हा त्याचं स्वतःला चालवणारं फंक्शन बनतं, आणि टीएससी त्यावर प्युअर लावत नाही. शंभर एनमची एक कॉन्स्टंट्सची फाइल असली तर त्यातला एक वापरा, बाकीचे नव्याण्णव सोबत येतात. ईएसबिल्ड हे ओळखून खूण स्वतः घालतो. मी नव्या कोडमध्ये एनम लिहीतच नाही. ॲज कॉन्स्ट लावलेला साधा ऑब्जेक्ट तेच काम करतो आणि वापरला नाही तर निघूनही जातो. क्लासमधल्या स्टॅटिक फील्डला फंक्शन कॉलने किंमत दिलेली असेल तर तोही साइड इफेक्टच धरला जातो.

एवढ्या सगळ्या जागा हाताने शोधणं नको म्हणून २०१८ साली वेबपॅक ४ ने पॅकेज डॉट जेसनमध्ये साइडइफेक्ट्स हे फील्ड आणलं. रोलअप (त्याच्या नोड-रिझॉल्व्ह प्लगिनमार्फत) आणि ईएसबिल्डही ते मानतात. त्याची किंमत फॉल्स ठेवली की तुम्ही काय कबूल करता ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथे अर्धवट समजुतीवर काम करतात. ‘माझ्या फाइलींमधला प्रत्येक कॉल शुद्ध आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. अर्थ एवढाच: ‘या फाइलमधलं एकही नाव कोणी वापरत नसेल तर ही फाइल न उघडता टाकून दे.’ म्हणजे हे काम फाइलच्या पातळीवर चालतं. फाइलमधलं एक नाव वापरलं गेलं की ती फाइल आत आली, आणि मग आतल्या बाकीच्या कोडला पुन्हा वरचेच नियम. म्हणूनच एका फाइलमध्ये पन्नास कॉम्पोनंट कोंबलेली लायब्ररी साइडइफेक्ट्स फॉल्स लावूनही जड राहते, आणि एकेका फाइलमध्ये एकेक कॉम्पोनंट ठेवणारी लगेच हलकी होते. लायब्ररी बांधताना सगळं एका फाइलमध्ये गोळा करू नका, मूळ फाइलींची रचना तशीच ठेवा. रोलअपमध्ये त्यासाठी प्रिझर्व्ह मॉड्यूल्स हा पर्याय आहे.

फॉल्स लिहिण्याआधी एक काळजी घ्या: सीएसएस. बटणाच्या फाइलमध्ये बटणाची सीएसएस नुसती इम्पोर्ट केलेली असते, तिच्यातून कोणतंही नाव घेतलेलं नसतं. तुम्ही तर सांगून ठेवलंय की नाव वापरलं नाही तर फाइल टाक. बंडलर टाकतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त बटणाचं रूप गेलेलं. पॉलीफिलच्या (जुन्या ब्राउझरमधली उणीव भरणाऱ्या) आणि भाषांतरं रजिस्टर करणाऱ्या फाइलींचंही तसंच. म्हणून फॉल्सऐवजी यादी द्या: सगळ्या सीएसएस फाइल, पॉलीफिलची फाइल, आणि जिच्या नुसत्या इम्पोर्टने काहीतरी घडतं अशी प्रत्येक फाइल. ही यादी जाणत्या माणसाने बनवावी, इंटरनेटवरून उचलू नये.

दुसऱ्या फाइलींमधली नावं गोळा करून पुढे देणारी इंडेक्स फाइल, जिला बॅरल म्हणतात, तिच्याबद्दल हल्ली टोकाची मतं ऐकू येतात. प्रॉडक्शन बंडलपुरतं बोलायचं तर साइडइफेक्ट्स नीट लिहिलेलं असेल तर बॅरलने काही बिघडत नाही, बंडलर तिला ओलांडून थेट मूळ फाइलपर्यंत जातो. त्रास होतो तो डेव्हलपमेंटमध्ये. एक आयकॉन घ्यायला गेलं की बॅरलमागच्या हजारो फाइली वाचाव्या लागतात. मटेरिअल यूआयच्या आयकॉन पॅकेजमध्ये दोन हजारांहून जास्त आयकॉन आहेत, आणि त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये डेव्ह सर्व्हर हळू होईल म्हणून थेट फाइलवरून इम्पोर्ट करायला सांगितलंय. नेक्स्ट या रिॲक्टच्या फ्रेमवर्कने १३.५ मध्ये हेच वळण आपोआप घेण्याची सोय केली. ‘स्टार ॲज’ वाल्या इम्पोर्टवरही असाच विनाकारण आळ येतो. स्टारने घेऊन पुढे डॉटने नावं वापरली तर बंडलरला सगळं दिसतं. तो अख्खा ऑब्जेक्ट दुसऱ्या फंक्शनला दिला किंवा चौकटी कंसात व्हेरिएबल घालून नाव काढलं, की मग मात्र सगळं ठेवावं लागतं. मला जास्त खटकतो तो डिफॉल्ट एक्सपोर्टमध्ये फंक्शनांचा ऑब्जेक्ट देण्याचा प्रकार. तो दिसला की मोडून नावानिशी एक्सपोर्ट करा.

मोमेंटचं दुखणं मुळातलं आहे, सेटिंगने जाणारं नाही. भाषांच्या फाइली येतात कारण आत रिक्वायरला दिलेलं नाव भाषेचा कोड जोडून बनतं. कोणती भाषा मागितली जाईल हे वेबपॅकला कळत नाही, म्हणून तो त्या फोल्डरमधलं सगळं घेतो. हे इग्नोर प्लगिनने थांबवता येतं. मराठी किंवा हिंदी लागत असेल तर ती फाइल नावाने वेगळी इम्पोर्ट करायची. पण उरलेलं मोमेंट कापता येत नाही, कारण ॲड, फॉरमॅट, डिफ हे सगळं एकाच ऑब्जेक्टच्या मेथड्स आहेत. मेथड कोणत्या नावाने बोलावली जाईल हे चालताना ठरू शकतं, म्हणून बंडलर क्लासच्या किंवा प्रोटोटाइपवरच्या मेथड्सना हात लावत नाही. मोमेंटच्या टीमने २०२० मध्ये नवं काम थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा ट्री शेकिंगशी न जुळणं हे एक कारण त्यांनीच सांगितलं होतं. डेट-एफएनएस या तारखांच्या दुसऱ्या लायब्ररीत प्रत्येक काम वेगळं फंक्शन आहे, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. हीच दिशा इतरांनीही धरली: आरएक्सजेएसने ५.५ मध्ये प्रोटोटाइपवरच्या ऑपरेटरांसाठी सुटी फंक्शनं आणली, व्ह्यू ३ ने नेक्स्टटिकसारख्या ग्लोबल गोष्टी नावानिशी इम्पोर्ट करायला लावल्या, फायरबेसने नवव्या आवृत्तीत अख्खा एपीआय फंक्शनांत मोडला. तुमच्या कंपनीच्या लायब्ररीत युटिल्स नावाचा वीस स्टॅटिक मेथड्सचा क्लास असेल, आणि जावाहून आलेल्या लोकांनी तो लिहिलेला असतोच, तर त्याचं पण हेच करा.

शोध कसा घ्यायचा? अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका, वेबपॅकलाच विचारा. स्टॅट्समध्ये ऑप्टिमायझेशन बेलआउट नावाचा पर्याय आहे. तो लावला की प्रत्येक मॉड्यूलखाली, ते सोडून का देता आलं नाही याचं कारण छापून येतं: हे ईएस मॉड्यूल नाही, मॉड्यूल डॉट एक्सपोर्ट्स थेट वापरलंय, किंवा अमुक ओळीवरच्या वाक्याला साइड इफेक्ट आहे. ओळ क्रमांकासकट मिळतं. ॲनालायझरच्या रंगीत चौकोनांपेक्षा मी आधी हे वाचतो. चौकोन कुठे सूज आहे ते सांगतात, का आहे ते नाही.

तुमच्या लायब्ररीसाठी याहून सोपी परीक्षा आहे. रिकाम्या फोल्डरमध्ये एक ओळीची फाइल करा, जिच्यात लायब्ररी नुसती इम्पोर्ट केलीय, नाव एकही घेतलं नाही. तिचं बंडल रोलअपने करा, आणि साइडइफेक्ट्स फील्ड त्या वेळेपुरतं काढून ठेवा. ट्री शेकिंगला योग्य लायब्ररीचं उत्तर रिकामी फाइल येतं. रिकामं आलं नाही तर जे उरलंय तीच तुमची कामाची यादी.

एक वेगळी गोष्ट इथेच मिसळली जाते. क्रोमच्या डेव्हटूल्समधला कव्हरेज टॅब लाल रंगात बराच कोड दाखवतो, आणि लोक म्हणतात ट्री शेकिंग झालंच नाही. तो टॅब फक्त या पानावर आतापर्यंत न चाललेला कोड दाखवतो. एरर आली तरच चालणारा कोड, दुसऱ्या रूटचा कोड, न उघडलेल्या मोडलचा कोड, सगळा त्यात लाल दिसतो. तो काढायचा नसतो, नंतर आणायचा असतो, म्हणजे डायनॅमिक इम्पोर्टने वेगळ्या चंकमध्ये (बंडलच्या सुट्या फाइलमध्ये) टाकायचा. डायनॅमिक इम्पोर्ट करताना अवेटच्या डावीकडे महिरपी कंसात नावं काढून घ्या, म्हणजे वेबपॅकच्या अलीकडच्या आवृत्त्यांना तिथेही न लागणारं ओळखता येतं. अख्खं मॉड्यूल व्हेरिएबलमध्ये घेऊन इकडे-तिकडे फिरवलं तर सगळं येणार.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवीन: आधी टीएसकॉन्फिगमधलं मॉड्यूल, मग बिल्ड करून बेलआउटची यादी, मग लोडॅशचे दोन इम्पोर्ट. मोमेंटच्या भाषा आजच काढा. मोमेंट बदलण्याचं काम वेगळ्या स्प्रिंटमध्ये घ्या, कारण त्यात टाइमझोनचे प्रश्न निघतील आणि ते घाईत करण्यासारखं नाही. कॉम्पोनंट लायब्ररी ज्यांच्याकडे आहे त्यांना रिकाम्या फाइलच्या परीक्षेचा निकाल पाठवा. आणि आकार एकदा खाली आला की वेबपॅकच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये हिंट्सपुढे एरर लिहून एंट्रीपॉइंटची कमाल मर्यादा त्या नव्या आकड्याच्या जरा वर ठेवा. मूळ मर्यादा अडीच लाख बाइट्सची आहे, ती जीझिपने न दाबलेल्या आकारावर मोजली जाते आणि ओलांडली तर फक्त वॉर्निंग देते, जी सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये कोणीही वाचत नाही.